ऑइलविना धावलेलं इंजिन: चेंबर उघडण्यापासून पुन्हा बांधण्यापर्यंत एका गाडीचं प्रकरण

गाडी चार सिलिंडरची, पेट्रोलवरची, 1.5 लिटर इंजिनाची. टर्बो नाही. मीटरवर 90,000 किलोमीटरच्या आसपास. फिल्टर धरून इंजिनात 3.6 लिटर ऑइल बसतं. मालकांना गाडीची बारीकसारीक कामं स्वतः करायची आवड, त्यामुळे याही वेळी ऑइल आणि फिल्टर त्यांनी घरीच बदलला. ड्रेन प्लगला नवा वॉशर घातला, ऑइल मोजून ओतलं, डिपस्टिकवर पातळी बरोबर आली. गफलत झाली ती एकाच ठिकाणी. जुना फिल्टर काढला तेव्हा त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबर आली नाही. ती इंजिनाच्या तोंडाला चिकटून राहिली, आणि नवा फिल्टर आपल्या रिंगसकट तिच्यावरच चढला.

एकावर एक दोन रिंगा बसल्या तरी फिल्टर हाताला घट्टच लागतो. नव्या रिंगला फिल्टरच्या खोबणीचा आधार असतो. खालची जुनी रिंग मात्र नुसतीच दाबलेली असते, तिला बाजूने धरून ठेवणारं काही नसतं. हळू फेऱ्यांमध्ये ती टिकली. मग एका गार सकाळी ऑइल अजून घट्ट असताना गाडी मोठ्या रस्त्याला लागली आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) 3,000 च्या पुढे गेले. थंड ऑइलचा दाब अशा वेळी 4 ते 5 बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) सहज चढतो. जुनी रिंग एका अंगाने बाहेर सरकली. ऑइल पंप मिनिटाला कित्येक लिटर ऑइल ढकलत असतो, त्यामुळे एवढी वाट मिळाल्यावर चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, रिकामा व्हायला फार वेळ लागत नाही.

मालकांनी सांगितलेला क्रम असा. एका वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला आणि गाडी सरळ झाल्यावर विझला. थोड्या वेळाने तो पुन्हा लागला, तो कायमचाच. त्यांना वाटलं सेन्सर खराब झाला असावा, कारण ऑइल तर नुकतंच बदललेलं. वेग कमी केला, पण थांबले नाहीत. थांबण्याजोगी जागा साधारण 3 किलोमीटर पुढे होती. आधी इंजिनाच्या वरच्या बाजूने टिकटिक सुरू झाली, मग खालून जड ठोका. तेव्हा त्यांनी गाडी बंद केली. डिपस्टिक कोरडी निघाली. जवळच्या पेट्रोल पंपावरून 2 लिटर ऑइल आणून ओतलं आणि सेल्फ मारला. दिवा विझला, ठोका कमी झाला पण गेला नाही, आणि गाडीखाली ऑइलची धार लागली. पुन्हा बंद. त्यानंतर आम्हाला, म्हणजे गॅरेजला, फोन.

फोनवर आमचं पहिलं वाक्य एकच होतं: "आता सेल्फ मारू नका, गाडी ओढूनच आणा."

फोनवर काय विचारायचं

अशा वेळी सगळे विचारतात, "किती किलोमीटर चालली?" प्रश्न चुकीचा नाही, पण त्यातून अर्धीच माहिती मिळते. आम्ही विचारलं ते असं. दिवा लागला तेव्हा आरपीएम किती होते? चढ होता का, गाडीत माणसं-सामान किती? दिवा लागल्यापासून बंद करेपर्यंत किती मिनिटं गेली? आवाज आला का, वरून की खालून? गाडी तुम्ही बंद केली की आपोआप पडली? आणि त्यानंतर किती वेळा चालू केली?

या प्रकरणात 3 किलोमीटर साधारण ताशी 60 च्या वेगाने, म्हणजे 3 मिनिटं. आरपीएम 2,500 धरले तर क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा मुख्य शाफ्ट, 7,500 वेळा फिरला, आणि प्रत्येक पिस्टनवर 3,750 वेळा स्फोटाचा भार आला. ऑइल काढून टाकलेली गाडी चुकून जागेवरच मिनिटभर चालू राहिली, तर क्रँकचे फेरे होतात 800 च्या आसपास, तेही जवळपास भाराशिवाय. दोन्ही घटनांना लोक "ऑइलशिवाय गाडी चालली" एवढंच म्हणतात, पण इंजिनासाठी त्यांच्यात मोठी तफावत आहे.

मालक पुन्हा पुन्हा सांगत होते की टेम्परेचरचा काटा शेवटपर्यंत मध्यावर होता. तो मध्यावरच राहणार. तो काटा पाण्याचं तापमान दाखवतो, आणि पाणी आपलं काम नीट करत होतं. क्रँकच्या बेअरिंगला पाण्याचा स्पर्श नाही. तिथली उष्णता ऑइलच वाहून नेतं. ऑइल गेलं की बेअरिंग भाजून निघतं आणि डॅशबोर्डवर त्याचा मागमूसही नसतो. कळायला साधन एकच, तो लाल दिवा, आणि तोही फार उशिरा लागतो. बहुतेक गाड्यांत दाब 0.3 ते 0.5 बारच्या खाली उतरल्याशिवाय दिवा पेटत नाही, आणि 3,000 आरपीएमला तिथे 3-4 बार अपेक्षित असतात. म्हणजे धावत्या गाडीत दिवा लागला तर दाब कमी झालाय असं समजायचं नाही, दाब उरलेलाच नाही असं समजायचं. वळणावर लुकलुकला ती खरी सूचना होती. चेंबरच्या तळाशी उरलेलं ऑइल एका बाजूला गेलं आणि पंपाच्या जाळीने हवा ओढली.

हाच हिशेब उलटाही लागू होतो. नवं ऑइल ओतल्यावर दिवा विझला, याचा अर्थ दाब अर्ध्या बारच्या वर गेला, इतकाच. झिजलेल्या बेअरिंगलाही थंड, घट्ट ऑइल एवढा दाब देतं.

आत काय होतं

क्रँकचं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा त्याचा गोल, गुळगुळीत भाग) आणि बेअरिंग यांच्यातली फट साधारण 0.025 ते 0.05 मिलिमीटर, केसाच्या जाडीहून कमी. त्या फटीत शाफ्ट ऑइलवर तरंगतो. त्याला तरंगत ठेवतं ते त्याचं स्वतःचंच फिरणं: फिरता शाफ्ट ऑइल आपल्याबरोबर ओढून भाराच्या बाजूला पाचरीसारखं दाबतो, आणि काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) का होईना, थर धरून ठेवतो. पंपाचं काम फक्त पुरवठ्याचं, कारण बेअरिंगच्या दोन्ही कडांनी ऑइल सतत गळत असतं. म्हणून पुरवठा तुटल्याक्षणी धातूला धातू लागत नाही. आधी उरलेलं ऑइल कडांनी निघून जातं. मग ऑइलमधल्या जस्त-फॉस्फरसच्या रसायनाने धातूवर बसवलेला पातळ थर थोडा वेळ निभावतो. त्यानंतर बेअरिंगच्या शेलवरचा (अर्धगोल पत्र्यासारख्या अस्तरावरचा) सगळ्यात वरचा मऊ थर पुसला जायला लागतो. तो दहा-वीस मायक्रॉनच जाड असतो आणि दोनशे-अडीचशे अंश सेल्सियसच्या दरम्यान मऊ पडून वितळतो. त्याखाली बऱ्याच इंजिनांत तांब्याच्या मिश्रधातूचा थर असतो. तांबूस डाग दिसला की वरचा थर गेला. फट वाढली की ठोका ऐकू येतो. त्याहीपुढे गाडी चालली तर शेल कनेक्टिंग रॉडमध्ये (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यात) फिरतो आणि मग रॉडही हातचा जातो.

मार पहिल्यांदा बसतो तो बहुधा बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला. त्याला ऑइल थेट मिळत नाही. मेन बेअरिंगमध्ये (क्रँकला इंजिनात धरून ठेवणाऱ्या बेअरिंगमध्ये) गेलेलं ऑइल क्रँकमधल्या आडव्या-तिरक्या भोकांतून तिथवर पोचतं. शिवाय स्फोटाचा सगळा भार याच बेअरिंगवर. दुसरी नाजूक जागा एकदम वर, हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या भागात. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर भार कमी असतो, पण ऑइल तिथे सगळ्यात शेवटी पोचतं, आणि अनेक इंजिनांत कॅमला बेअरिंगचे शेलच नसतात; शाफ्ट सरळ हेडच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये फिरतो. ती जागा खरवडली तर बदलायला सुटा भाग नाही, हेडच बदलावं लागतं. सिलिंडरच्या भिंतींना रॉडच्या कडांनी उडणारं ऑइल मिळत असतं, तेही या काळात बंद.

गाडी आल्यावर

पहिलं काम फिल्टरचं. तो काढला तेव्हा इंजिनाच्या तोंडाला चिकटलेली दुसरी रिंग एका बाजूने जिभेसारखी बाहेर लोंबत होती. कारण तिथेच मिळालं. चेंबरमधलं उरलेलं ऑइल स्वच्छ पांढऱ्या ट्रेमध्ये काढलं, ते अर्ध्या लिटरहूनही कमी भरलं.

इथे एक गोष्ट आमच्या पथ्यावर पडली. ऑइलही नवं होतं आणि फिल्टरही नवा. जुन्या गाडीच्या फिल्टरमध्ये थोडी धातूची भुकटी सापडतेच, आणि ती या घटनेची की गेल्या हजारो किलोमीटरची हे ठरवता येत नाही. इथे जे सापडेल ते जवळजवळ सगळं याच घटनेचं.

फिल्टर करवतीने कापायचा नाही. करवतीचा कीस कागदात जातो आणि मग आपणच टाकलेल्या लोखंडावरून आपण इंजिनाचं निदान करत बसतो. पाइप कापतात तसं गोल फिरणारं कटर असतं, त्याने वरचा पत्रा उघडला. आतला कागद कापून काढला, व्हाइसमध्ये दाबून ऑइल पिळलं आणि घड्या एकेक करून उन्हात उलगडल्या. चंदेरी, चपटे, अगदी बारीक कण जवळपास प्रत्येक घडीत होते. मधूनमधून तांबूस ठिपके. चुंबक फिरवलं, काहीच चिकटलं नाही. ही बातमी अर्धी चांगली होती. लोखंड-पोलाद नाही, म्हणजे क्रँकचं जर्नल खरवडून निघालेलं नसावं. पण बेअरिंगचे शिसं, कथील, तांबं, अ‍ॅल्युमिनियम यांपैकी चुंबकाला काहीच लागत नाही, त्यामुळे "चुंबक स्वच्छ, इंजिन ठीक" असा निष्कर्ष काढणारा मेकॅनिक भेटला तर त्याचं ऐकू नये.

(ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा का, हे मालकांनी विचारलं. नेहमीच्या झिजेवर लक्ष ठेवायला ती तपासणी उत्तम. पण तिथलं नेहमीचं यंत्र फार बारीक कणच नीट मोजतं, मोठे तुकडे त्यातून निसटतात. आमच्याकडे डोळ्यांना दिसणारे तुकडे होते, मग अहवालाची वाट कशाला पाहायची?)

मग चारही स्पार्क प्लग काढले, क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावला आणि इंजिन हाताने त्याच्या नेहमीच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवलं. दोन फेऱ्यांत चारही सिलिंडरचं चक्र पुरं होतं. कुठेही अडलं नाही. प्लगच्या भोकांतून छोटा कॅमेरा आत सोडला. भिंतींवरच्या होनिंगच्या (ऑइल धरून ठेवायला भिंतींवर घासून काढलेल्या) तिरक्या रेघा शाबूत, तिसऱ्या सिलिंडरमध्ये एकदोन उभ्या बारीक रेघा. त्यांनी फारसं बिघडत नाही.

यापुढे आमच्यातच मतभेद झाला. माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं, नवा फिल्टर आणि ऑइल घालावं, दाबाच्या स्विचच्या जागी गेज लावावं आणि इंजिन गरम करून दाब मोजावा. आकडा हातात आला की बोलायला बरं. एरवी मी हेच म्हटलं असतं. पण ठोका मालकांनी स्वतः ऐकलेला, आणि फिल्टरमध्ये तांबं दिसलेलं. इंजिन गरम व्हायला जो वेळ लागेल, तेवढ्या वेळात उघड्या पडलेल्या तांब्यावर जर्नल घासणार. आत्ता जर्नल वाचलं असेल तर ते या चाचणीत जाऊ शकतं, आणि जर्नल गेलं की कामाचं स्वरूपच बदलतं. शिवाय दाब कमी आला तरी पुढची पायरी चेंबर उतरवणं हीच, आणि दाब बरा आला तरी तांबं कुठून आलं हा प्रश्न उरतोच. मग मधली पायरी कशाला? या गाडीचा चेंबर खालून सरळ निघतो, बोल्ट आणि सीलंट एवढंच काम. ज्या गाडीत चेंबर काढायला सस्पेन्शनची पूर्ण फ्रेम उतरवावी लागते, तिथे मी सहकाऱ्याचं कदाचित मानलं असतं.

चेंबर उतरवला

तळाशी चकाकी होती, पंपाच्या जाळीत चंदेरी पापुद्रे अडकले होते. रॉडच्या कॅप (बेअरिंगला खालून धरणारे अर्धे भाग) काढण्याआधी प्रत्येक कॅपवर आणि रॉडवर खूण केली, कारण कॅप ज्या रॉडची त्याच रॉडला, त्याच दिशेने बसली पाहिजे.

पहिला आणि चौथा रॉड: शेल करडे, एकसारखे. दुसरा: वरच्या शेलवर मध्ये निस्तेज पट्टा, थर पुसट झालेला. तिसऱ्या रॉडचा वरचा शेल हातात घेतला आणि वादाला जागाच उरली नाही. मधोमध तांबूस डाग, त्याच्या कडेने वितळून पसरलेल्या थराची चंदेरी ओहोळ, आणि कडेला तपकिरी-निळसर झाक. खालचा शेल त्या मानाने बरा. तसंच असायला हवं, कारण स्फोटाचा दाब पिस्टनवरून रॉडमधून खाली येतो आणि वरच्या शेलवरच पडतो. शेल उलटा करून पाहिला. पाठीवर घासल्याची चमक नव्हती, म्हणजे तो रॉडमध्ये फिरलेला नव्हता.

फट मोजायला प्लास्टिगेज वापरलं. ही मेणासारखी बारीक दोरी जर्नलवर ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आवळायची, क्रँक हलू द्यायचा नाही, पुन्हा उघडून दोरी किती रुंद चेपली ते सोबतच्या पट्टीवर पाहायचं. तिसऱ्यावर 0.10 मिलिमीटर निघाली. या इंजिनाची कमाल मर्यादा 0.06.

सगळं प्रकरण अडलं होतं ते तिसऱ्या जर्नलपाशी. त्यावर बेअरिंगचा धातू पातळ थरासारखा चिकटला होता. ऑइल लावलेल्या बारीक पॉलिश पट्टीने तो काढला. मग नख आडवं फिरवलं. नख अडकलं नाही. मायक्रोमीटरने जर्नल दोन दिशांना आणि दोन्ही टोकांना मोजलं: माप मूळ मर्यादेतच, गोलाईतला फरक 0.01 मिलिमीटरच्या आत. नख अडकलं असतं तर क्रँक बाहेर काढून 0.25 मिलिमीटर अंडरसाईजला (मूळ मापाहून बारीक) ग्राइंड करून घ्यावा लागला असता. त्यासाठी इंजिन गाडीतून उतरवायचं, आणि उतरवलंच आहे तर रिंगा, मेन बेअरिंग, सगळंच. एका नखाने हे एवढं काम ठरतं.

मेन बेअरिंगच्या दोन कॅप उघडून पाहिल्या, खालचे शेल चांगले होते. पंप उघडला. पंप फिल्टरच्या अलीकडे असतो, त्याला जाळीतून गाळलेलं तेवढंच मिळतं, त्यामुळे सुटलेला धातू सगळ्यात आधी त्याच्याच पोटातून जातो. आत हलक्या रेघा होत्या, फटी मापात होत्या. तो ठेवला.

हेडचं झाकण काढलं तेव्हा वाईट बातमी तिथे होती. एक्झॉस्ट कॅमच्या सगळ्यात लांबच्या जर्नलच्या कॅपमध्ये गोलाकार ओरखडे होते, आणि इथे नख किंचित अडकत होतं. मालकांनी आधी ऐकलेली टिकटिक बहुधा टॅपेटची (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या भागाची). ऑइल वर चढलं नाही की टॅपेट कोरडे पडून वाजतात. ओरखडे मात्र कायमचे.

काय करायचं ठरलं

मालकांसमोर शेल ठेवले. त्यांचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता: "ऑइल भरून, जरा जपून चालवली तर?" उत्तर: चालेल, आणि मग एक दिवस रॉड ब्लॉकमधून (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यातून) बाहेर येईल. वाढलेली फट आपोआप कमी होत नाही. ठोका लागला की प्रत्येक फेऱ्याला तो बेअरिंग आणखी चेपतो. जाड ऑइल किंवा डब्यातलं औषध घालून आवाज दाबता येतो, आणि जुन्या गाड्या विकताना हे होतंही, पण ती दुरुस्ती नव्हे.

दुसरा पर्याय दुसरं, वापरलेलं इंजिन आणून बसवण्याचा. क्रँक गेला असता तर मी त्याचाच विचार करायला सांगितलं असतं. इथे माहीत असलेलं इंजिन, चांगला क्रँक आणि चांगल्या भिंती सोडून कुणी कसं वापरलं ते ठाऊक नसलेलं इंजिन घेण्यात अर्थ नव्हता. तिसरा पर्याय पूर्ण इंजिन बांधायचा. तोही या पुराव्यावर जास्तीचा होता.

ठरलं ते असं: चारही रॉडना नवे बिग एंड बेअरिंग, क्रँक जागेवरच ठेवून. फक्त तिसऱ्याचं नाही, कारण दुसऱ्याचा थर पुसला गेलाच होता आणि उरलेल्या दोघांनीही तोच दुष्काळ काढला होता. तिसऱ्या रॉडचं मोठं भोक गोल आहे का ते मोजून घेतलं, कारण तापलेला रॉड वेडावाकडा झाला असेल तर नवा शेलही जाईल. ते ठीक निघालं. रॉडचे बोल्ट नवे, कारण ते ताणून आवळायचे असतात (आधी टॉर्क, मग ठरावीक अंश), आणि एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा वापरण्यात जिवाचा धोका इंजिनाला. कॅमच्या कॅपचं काही करायचं नाही. माझं मत असं की त्या एका जर्नलसाठी हेड बदलणं हा खर्चाचा विपर्यास, फट मोजली ती अजून मर्यादेत होती. सहकाऱ्याला हे पटलं नाही. म्हणून मालकांना तो भाग दाखवला, कागदावर लिहून दिलं की हे असंच सोडलं आहे, पुढे इथून आवाज येऊ शकतो, आणि मग त्यांनी ठरवलं.

पुन्हा जोडणी

नवे शेल बसवण्याआधी स्वच्छतेवर जास्त वेळ गेला, आणि तो तसाच जायला हवा. फिल्टरमध्ये बायपास व्हॉल्व्ह असतो. ऑइल फार थंड असलं किंवा कागद तुंबला की तो उघडतो आणि ऑइल न गाळता पुढे जातं. म्हणजे थोडा धातू फिल्टर टाळून पुढे गेला असण्याची शक्यता धरायलाच हवी. ऑइलचे मार्ग धुतले, हवेने फुंकले. व्हॉल्व्हच्या टायमिंगला ऑइल पुरवणाऱ्या सोलेनॉइडची बारीक जाळी काढून साफ केली. ती विसरली जाते आणि मग महिन्याभराने नवाच बिघाड म्हणून समोर येते. टायमिंग चेनचा ताण बघितला.

प्रत्येक नव्या बेअरिंगची फट पुन्हा प्लास्टिगेजने मोजली. चारही 0.03 ते 0.04 मध्ये बसली. शेलना असेंब्लीचं घट्ट वंगण लावलं, बोल्ट आवळले, प्रत्येक कॅपनंतर इंजिन हाताने फिरवून पाहिलं. असं एकेक करत गेलं की एखादी कॅप उलटी बसली तर तिथल्या तिथे कळतं.

इंजिन लगेच चालू केलं नाही. फिल्टर ऑइलने भरून बसवला, इंधन आणि स्पार्कचे फ्यूज काढले, प्लगही बाहेरच ठेवले, आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारला, मध्ये थांबत. काही वेळाने गेजचा काटा उठला. मगच प्लग, फ्यूज आणि पहिला स्टार्ट. ठोका नाही. वरून हलकी टिकटिक, काही मिनिटांत बरीचशी विरली. गरम झाल्यावर आयडलला (जागेवर मंद चालताना) 1.4 बार, 3,000 ला 3.9. ढोबळ नियम असा की गरम इंजिनाला दर 1,000 आरपीएममागे 0.7 बारच्या आसपास दाब हवा. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातून घ्यावा. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं 12 बारच्या वर, आपसांतला फरक अर्ध्या बारच्या आत.

गाडी गेल्यानंतर

पहिले सुमारे 150 किलोमीटर हलक्या पायाने चालवून मालक गाडी परत घेऊन आले. ऑइल काढलं, फिल्टर पुन्हा कापला. थोडी चकाकी होती, मार्गांत अडकलेलं आणि धुऊनही न निघालेलं काही, तांबं मात्र नव्हतं. पुढचा फिल्टर 1,000 किलोमीटरला कापला, तो स्वच्छ. गार सकाळी पहिल्या स्टार्टला हेडमधून बारीक टिकटिक येते, ऑइल वर चढलं की थांबते. सहकारी अजूनही म्हणतो की हेडचं काम तेव्हाच करायला हवं होतं. गरम इंजिनाचा दाब 1.4 वर टिकून आहे, तोवर मी माझ्या मतावर आहे.

परिस्थिती वेगळी असेल तर

गाडीला टर्बो असेल तर त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेतो आणि त्याला हेच ऑइल लागतं. तिथे आधी हवेचा पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवून पाहावा. बाजूला अगदी किंचित हालचाल चालते, पण पंखा कडेला घासत असेल किंवा शाफ्ट आत-बाहेर हलत असेल तर टर्बो गेला. चालू केल्यावर निळा धूर हीसुद्धा त्याची खूण.

इंजिन चालता चालता आपोआप बंद पडलं असेल तर सेल्फ, धक्का, दुसऱ्या गाडीने ओढून गिअर टाकणं, काहीही करू नये. पूर्ण थंड होऊ द्यावं, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडावं आणि पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवून बघावं. थंड झाल्यावर फिरलं तर बहुधा पिस्टन तापून फुगले होते आणि आता सुटले. जाम झालेलं बेअरिंग सहसा असं सुटत नाही. फिरलं तरी चालू करायचं नाही, चेंबर उतरवायचाच.

आणि सगळ्यात जास्त लोकांच्या बाबतीत घडतं ते: ऑइल काढलं, नवं भरायला विसरले, गाडी जागेवर चालू केली, दिवा पाहून मिनिटाच्या आत बंद केली. खालून ठोका नाही, गाडी हलवलेली नाही. अशा वेळी घाबरून इंजिन खोलायला लावू नये. ड्रेन प्लग आणि फिल्टर तपासावा, आणि हो, जुनी रिंग चिकटलेली नाही ना तेही. ठरलेलं ऑइल पूर्ण भरावं. इंधनाचा फ्यूज काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारावा, मग फ्यूज लावून चालू करावं. काही सेकंदांनीही दिवा विझला नाही किंवा खालून जड आवाज आला तर लगेच बंद. सगळं ठीक वाटलं तर दहा मिनिटं आयडलवर ठेवून कान द्यावा. 100 ते 200 किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदलावा, जुना फिल्टर कटरने उघडावा. कागद स्वच्छ निघाला तर चेंबर उतरवायची गरज नाही, पुढचं ऑइल नेहमीच्या वेळेला.